मोटारीतून बोलणारे मेलेले

बंदरामागच्या टेकडीवर रेगिनची निळी मोटार थांबली की अख्खं गाव हातातली कामं टाकून वर धावे. फेरो बेटांवरच्या त्या वाऱ्यातही सगळे टोप्या काढून गप उभे राहत. रेगिन काटेरी अँटेना आभाळाकडे रोखी आणि मोटारीतल्या रेडिओतून गुदमरलेले आवाज येत. समुद्रात बुडालेल्यांचे आवाज!

"आले बरं का, अगदी ठरल्या वेळी! दक्षिणेला उगवतात, उत्तरेला मावळतात. पाण्यातून बोलतायत बिचारे, तुम्हाला कसं कळणार? अर्थ मी सांगतो," रेगिन म्हणाला. "सुन्नेवाबाई, तुमचे यजमान हानुस म्हणतायत, माझी बोट रेगिनच्या हवाली कर. ती धक्क्याला बांधलेली आहे तोवर मला सुटका नाही."

सुन्नेवा ढसाढसा रडली. ती बोट म्हणजे तिच्या दोन मुलांचं पोट होतं. तिची धाकटी बहीण मारयुन शाळेत विज्ञान शिकवी, आणि हौस म्हणून रेडिओवर दूरदूरच्या लोकांशी बोले. तिच्या मनात पाल चुकचुकली. मेलेल्यांना वेळापत्रक कशाला लागतं?

"ताई, बोट देऊ नकोस."

"तुला काय कळतंय? तुझा नवरा रोज घरी जेवायला येतो!"

पण पुढच्या खेपेला मारयुनने आपली गाडी रेगिनच्या मागेच लावली. आवाज सुरू होताच खिडकीतून हात घालून तिने त्याच्या रेडिओचं बटण किंचित फिरवलं.

"...आयर्लंडहून लोर्कान बोलतोय," आवाज खणखणीत आला. "इकडे पाऊस आहे. तिकडे काय?"

"मेलेल्याला पावसाचं काय पडलंय?" म्हातारे योआन्नेस म्हणाले.

"दुष्ट आत्मा शिरला! हात काढा!" रेगिन ओरडला आणि अँटेना खाली करू लागला. योआन्नेसनी ती हिसकावून पुन्हा वर धरली.

मारयुन आपल्या गाडीत बसून तिथल्या रेडिओच्या माइकवर बोलली. तिचा आवाज आभाळातून फिरून रेगिनच्या रेडिओतून बाहेर पडला, "फेरोहून मारयुन बोलतेय. योआन्नेसआजोबा, मी मेले का हो?"

लोक हसू लागले, तशी ती खाली उतरली. "वर माणसाने सोडलेला उपग्रह आहे. खालचा आवाज पकडतो नि परत खाली पाठवतो. तो धावत असतो, म्हणून जवळून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखा त्याचा सूर सरकतो. रेडिओचं बटण त्याच्यामागे फिरवत राहावं लागतं. हे रेगिन मुद्दाम ते फिरवत नव्हते. आवाज जितका बिघडलेला, तितका यांना हवा तो अर्थ!"

सुन्नेवा मात्र हसली नाही. सगळं ऐकूनही तिने मारयुनचा माइक उचलला. "हानुस?"

"नाही हो बाई, मी लोर्कान. आपण कोण?"

"सुन्नेवा. माझा नवरा समुद्रात गेला."

"फार वाईट झालं, बाई. माझा भाऊही गेला तसाच..." आवाज खरखरत विरला. उपग्रह डोंगराआड गेला होता.

सुन्नेवाने डोळे पुसले आणि रेगिनकडे वळली. "एवढ्या दिवसांत तुमच्या एकाही मेलेल्याने मला विचारलं नाही, तू कोण, तुझं काय झालं. नुसती बोट मागितली. बोट माझ्या पोरांची आहे. चालू लागा!"

माणूस गेल्याचं दुःख खरंच असतं. पण म्हणून त्या दुःखाचा अर्थ सांगणारा खरा ठरत नाही. आवाज कुठूनही येवो, आधी विचारा: कोण बोलतंय, आणि त्याला काय हवंय?