गुलमर्गला न गेलेला ड्रम

मी ड्रम बोलतोय. लातूरच्या एका गल्लीत, बसलिंगप्पांच्या किराणा दुकानासमोर उभा असलेला, दोनशे लिटरचा, लोखंडी. लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली मी करडीचं तेल घेऊन इथे आलो. तेल संपलं आणि मी पाण्याला लागलो. आता अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'बसलिंगप्पा, नंबर १४'. टँकरच्या रांगेत माणसाला नाव नसलं तरी चालतं, ड्रमला लागतं.

यंदा टँकर आठ दिवसांनी येतो. आणि अशा दुष्काळात आमच्या मालकीणबाईंनी, नीलाबाईंनी, गुलमर्गला जायचं काढलं! साठी उलटलेली, गुडघे कुरकुरतात; पण पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरणारी माणसं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. "गुडघे हायत तवर एकदा बर्फाला हात लावू द्या," एवढंच त्या म्हणत.

तयारी सुरू झाली. खोक्याच्या फळ्या पायाला बांधून नीलाबाई दुकानातल्या हरभऱ्याच्या ढिगावरून घसरू लागल्या. बसलिंगप्पा गिऱ्हाईक सोडून खाली हात पसरून उभे राहत. मला हसू येई, पण रिकामा ड्रम हसला की गल्लीभर ऐकू जातं.

मग हॉटेलला फोन. लातूरकर परगावी निघाला की पहिला प्रश्न एकच असतो. बसलिंगप्पांनीही तोच विचारला, "पानी कितने दिन में आता जी?" पलीकडचा गोंधळला. पाण्याचं काय घेऊन बसलात, म्हणाला, इथे दहा फूट बर्फ पडून आहे.

"पडून हाय?" शेजारच्या साखराबाई ओरडल्या. "अन् कुनी उचलून न्हेत न्हाई?"

झालं! काशीला निघालेल्याकडे गंगाजळासाठी गडू देतात, तसे घराघरातून गडू येऊ लागले. आमचा धरून एकेचाळीस! कपड्यांना जागा उरली नाही. माझं तोंड एवढं मोठं, पण मला कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यात टँकरचा दिवस नेमका दोघांच्या प्रवासाच्या मधे आला. ड्रमापाशी घरचंच माणूस हवं, हा गल्लीचा नियम. नंबर चुकला की आणखी आठ दिवस कोरडे. नीलाबाईंनी पायाच्या फळ्या सोडल्या. बसलिंगप्पांनी माझ्या काठावर हात टेकला. मग म्हणाले, "साखराबाईला संगं घेऊन जा. ड्रमपाशी मी हाय."

त्या गेल्या. इकडे टँकर आला, तेव्हा बसलिंगप्पा गुलमर्गसाठी घेतलेली लोकरीची कानटोपी घालून भर उन्हात रांगेत. लोक हसले.

"नवी हाय," ते म्हणाले. "मग कधी घालू?"

काल नीलाबाई परतल्या. बर्फाचं वाटेतच पाणी झालेलं. चाळीस गडू ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात गेले. आपला गडू घेऊन नीलाबाई नवऱ्यापुढे आल्या. "टोपी काढा. वाका."

पाणी डोक्यावर ओतायचं? असल्या दुष्काळात? सगळी गल्ली बघत राहिली. बसलिंगप्पा माझ्यावरच वाकले, थेंब वाया जाऊ नये म्हणून. त्यांच्या टकलावरून धार माझ्यात पडू लागली.

"गार हाय का?" नीलाबाईंनी विचारलं.

"न्हाई. तापलंय की गं," ते म्हणाले. "तरी बी वत."

माझ्या तळाशी आता गडूभर गुलमर्ग आहे. उद्या टँकर येईल आणि ते त्यात मिसळून जाईल. तेवढं आजचा दिवस माझं झाकण कुणी उघडू नका.