परत आलेलं वजन

एक ग्रॅमच्या वजनाच्या माथ्यावर बोटाचा ठसा होता. भिंगाखाली अकरा रेघा मोजता येत होत्या. सातव्या रेघेपाशी एक तिरका छेद होता आणि त्याच्या पलीकडे रेघा किंचित सरकून पुन्हा सुरू झाल्या होत्या.

लेकीला आणखी पुरावा नको होता. तरुणपणी पत्र्याने कापलेलं ते बाबांचं बोट. तेच धरून ती रस्ता ओलांडायला शिकली होती.

वजनं तपासून देण्याच्या धंद्यात पहिला धडा एकच, वजनाला हात लावायचा नाही. मोजे घालायचे आणि लाकडी चिमट्याने उचलायचं. कारण ठशालाही वजन असतं, मिलिग्रॅमचे काही शतांश. भाजीच्या तराजूला त्याचा पत्ताही लागत नाही, पण ही पेटी रुग्णालयाची होती. नवजात बाळांची औषधं ज्या काट्यावर मोजतात, तो काटा या वजनांनी पारखतात. बाबांनी वजन ठशासकट तोललं होतं, आकडा दाखल्यावर चढवला होता आणि खाली सही केली होती. औषधविभागातल्या बाईंनी वजन उजेडात धरलं, ठसा पाहिला आणि काल दुपारी पेटी परत पाठवली. एवढ्याने कुणाला काही झालं नसतं, असं त्या फोनवर समजुतीने म्हणाल्या. पण तुमच्याकडून असं कधी येत नाही हो, असंही म्हणाल्या. फोन लेकीने घेतला होता. बाबांना तिने सांगितलं, की दाखल्यावर शिक्का राहिलाय.

असं कधी येत नव्हतं, कारण दोन वर्षं ती येऊ देत नव्हती. बाबांचा हात थरथरायला लागला तसा चिमटा त्यांना जुमानेनासा झाला. कधी मोजा घालायचा राहायचा, घसरतं वजन बोटाने सावरलं जायचं आणि ठसा उमटायचा, कधी अधिकच्या जागी उणे लिहिलं जायचं. ती रोज सकाळी त्यांच्या आधी तासभर येऊन आदल्या दिवशीची वजनं पुन्हा तोलायची आणि दाखले नव्याने करून सहीला ठेवायची. बाबा आकडे पुन्हा वाचत नसत. गेल्या महिन्यात चार दिवस ती तापाने घरी पडली, आणि नेमकी हीच पेटी तेवढ्यात निघून गेली.

आत्याला सगळं ठाऊक होतं. "वाघ म्हटलं तरी खातो अन् वाघोबा म्हटलं तरी खातो," ती म्हणायची, "एकदा सांग आणि मोकळी हो." लेक मान डोलवायची आणि घोंगडं भिजतच राहायचं.

आताही तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कापूस टाकून तिने पेटी मिटली. ठसा तसाच राहिला.

बाबा आले, मोजे चढवले, आणि दोघांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची वजनं काट्यात ठेवली. मग काचेचं दार लावून बाहेरच्या बोळकांडीतल्या बाकावर जाऊन बसले. हा इथला जुना रिवाज. माणसाच्या अंगाच्या उबेनेसुद्धा काट्यातली हवा हलते आणि पारडं ढळतं, म्हणून वजनं ठेवली की वीस मिनिटं खोलीत कुणी थांबायचं नाही. आई गेल्यापासून ती वीस मिनिटं देवाच्या वाट्याला आली होती. देव आहे की नाही, यावर बापलेक रोज भांडत. निकाल लावायची दोघांनाही घाई नव्हती.

बाबांचा आवडता मुद्दा धंद्यातलाच. आपलं वजन खरं कशावरून, तर कपाटातल्या वजनावरून. ते खरं कशावरून, तर सरकारी वजनावरून. साखळी कितीही लांब असली तरी वर एक खुंटी लागतेच, नाहीतर सगळीच खाली येईल. लेक म्हणायची, ती खुंटी, म्हणजे परदेशात जपलेला मूळ धातूचा किलो, माणसांनीच ठोकली होती, आणि तीही हलताना सापडली, म्हणून शेवटी किलो निसर्गातल्या एका स्थिरांकाला बांधला.

"आणि तो स्थिरांक कुणी बांधला, प्रोफेसरीणबाई?"

"देवाला कुणी बांधलं?"

"तो आपला आपण आहे."

"मग स्थिरांकाने काय घोडं मारलंय?"

इथवर आलं की बाबांना चहाची आठवण व्हायची.

एकदाच तिने जिव्हारी लागेल असं विचारलं होतं. देवाला सगळं कळतं, सगळं जमतं, तर आईला शेवटचे आठ महिने तसे का काढायला लावले? बाकावरून उठताना बाबा म्हणाले, "तो आकडा मलाही जुळवता येत नाही. म्हणून काटा फेकून देत नाही." त्यानंतर सहा वर्षं तिने तो प्रश्न काढला नव्हता.

आज तिला सांगायचंच होतं. पण सुरुवात बाबांनीच केली.

"तू पुरावा पुरावा करतेस ना, मग माझा प्रयोग ऐक. हसायचं नाही."

हात थरथरायला लागला त्या महिन्यात त्यांनी देवाला सांगून ठेवलं होतं. माझं मला कळणार नाही, या वयात कुणालाच कळत नाही. माझी वेळ संपली की एक वजन परत पाठव. एकच. मी मोजे काढून ठेवीन, कुरकुर करणार नाही.

"दोन वर्षं झाली. एक परत आलं नाही." त्यांनी हात पुढे धरला. बोटं हलत होती. "या हाताने! आता तूच सांग, कुणीतरी सांभाळतंय की नाही?"

एरवी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. काही न घडणं हा पुरावा नव्हे, वगैरे. पण हे न घडणं तिनेच घडवलेलं होतं. ऊब लागू नये म्हणून इतकी वर्षं ती खोलीबाहेर बसली होती, आणि या एका प्रयोगात दोन वर्षं पारड्याला खेटून उभी होती. देव आहे असं तिला आजही वाटत नव्हतं. पण असलाच, तर त्याचं उत्तर काल दुपारी दारात आलं होतं आणि तिने ते शिक्क्याच्या नावाखाली दडवलं होतं. नसला, तरी विचारणारा तर होता. त्या उत्तरावर हक्क बाबांचा होता.

वीस मिनिटं व्हायची होती, तरी ती आत गेली आणि पेटी व भिंग घेऊन आली.

"बाबा, ही शिक्क्यासाठी आलेली नाही. परत आलीये."

बाबांनी चिमट्याला हात घातला नाही. पेटी मांडीवर ठेवून ते भिंगातून वाकून बघत राहिले. मग तर्जनी डोळ्यांसमोर धरून तिच्यावरचा छेद पाहिला, आणि पुन्हा वजन पाहिलं.

"आणि याआधीची?"

"मी पुसत होते. रोज सकाळी."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"वा," ते म्हणाले. "म्हणजे रोज रात्री मी तुझेच आभार मानत होतो तर." हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "पण एकच आहे ना? एका मोजमापावरून काही ठरत नाही, तूच सांगतेस. दहा वेळा घ्यावं म्हणतेस."

"तुम्ही एकच मागितलं होतं."

बाबांनी पेटी मिटून बाकावर ठेवली. वीस मिनिटं होऊन गेली होती. ते सवयीने उठले आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ आतल्या आत खडखडली. लेकीने त्या हातावर आपला हात ठेवला, खडखड थांबेपर्यंत.

"आजपासून वजनं मी तोलणार, बाबा. तुम्ही बाकावर बसायचं, आणि मी वजनं ठेवून बाहेर आले की भांडायला तयार राहायचं."