आधी नवऱ्याची डबी

“धाकटीच्या कानावर जाऊ देऊ नका हं. लगेच डबी काढेल आणि देईल आपल्या मोठ्याच्या हातात!”

नमुने घ्यायच्या खिडकीपलीकडच्या बाकावरून सासूबाईंचं हे वाक्य आलं. खिडकी अर्धवट लोटलेली. अलीकडे ती धाकटी सूनच बसली होती, माझ्या नळीला डोळा लावून. तिनं मान वर केली नाही. माझ्या स्क्रूवरची तिची बोटं तेवढी थांबली.

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय, खोली क्रमांक अकरामधला. वय एकतीस. आजवर हजारो नवरे पाहिले, पण तोंड एकाचंही नाही.

मला इथे आणलं ते संशोधक बाईंनी. पुरुषांमधलं वंध्यत्व हा त्यांचा विषय. सुरुवातीला दारावर तशी पाटी होती. ती वाचून नवरे आल्या पावली जिना उतरायचे. बाईंनी पाटी काढून नुसता आकडा ठेवला. मग येऊ लागले, तेही ‘मित्रासाठी विचारतोय’ म्हणत.

पहिल्या दोन हिवाळ्यांत आमच्या हातून मोठी चूक झाली. नवऱ्यांच्या नमुन्यांच्या डब्या तिसऱ्या मजल्यावरून स्टीलच्या ट्रेमध्ये, गार जिन्यातून यायच्या. माझ्याखाली सगळे शुक्रजंतू सुस्त दिसायचे. बाई लिहायच्या, ‘हालचाल कमी’. असे बावन्न कागद घरोघरी गेले.

एक गृहस्थ मात्र फारच लाजाळू. ट्रे नको म्हणाले आणि डबी शर्टाच्या आत, पोटाशी धरून घेऊन आले. मी पाहतो तर काय, नुसती धावपळ! बाई बराच वेळ माझ्यावरून उठल्याच नाहीत. मग पुटपुटल्या, “आळशी नव्हते गं बाई, गारठले होते.”

त्यांनी बावन्न जणांना स्वतःच्या अक्षरात पत्रं लिहिली : चूक माझी आहे, पुन्हा या. सहकारी म्हणाले, “बाई, झाकली मूठ असू द्या.” बाईंनी ती मूठ उघडून त्यावरच पहिला शोधनिबंध छापला. एका पत्राला उत्तर आलं, की बायको केव्हाच माहेरी गेली. ते पत्र बाईंनी शेवटपर्यंत माझ्या खोक्यात ठेवलं.

तेव्हापासून खोलीचे दोन नियम. डबी अंगाच्या उबेत यायची. आणि नवऱ्याच्या तपासणीचा कागद आल्याशिवाय बायकोला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं नाही. दुसरा नियम वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना पटवण्यात बाईंची वीस वर्षं गेली. अजूनही कुणी ओळखीनं वशिला लावला की तो गुंडाळला जातो.

निवृत्तीच्या दिवशी बाई हाताखाली शिकलेल्या या धाकटीला म्हणाल्या, “डोळा आहे तुला. जीभ कधी फुटणार?” ती फक्त हसली. तिच्या लग्नाला आता चार महिने झालेत. सासरचे चारचौघांत सांगतात, सूनबाई हॉस्पिटलात कागदपत्रं बघते. तीही ‘हो’ म्हणते आणि पोळ्या लाटते.

आज बाकावर तिची सासू, थोरला दीर आणि जाऊ. जावेचं उद्या तिसरं ऑपरेशन, वशिल्यानं ठरलेलं; त्याआधी रक्त द्यायला आलेत. धाकटीची कामाची पाळी दुपारीच संपते, असा त्यांचा समज.

“आई, हळू बोल ना,” दीर म्हणाला.

“का हळू? कॉलेजात कुस्ती जिंकायचास तू. तुझ्यात काय असणार?”

कुस्तीगीरही पाहिलेत मी. माझ्याखाली दंड दिसत नाहीत.

जाऊ पुढे झुकली. फाइल छातीशी घट्ट धरलेली. “आधीच्या दोन्ही वेळी काही सापडलं नाही ना?” तिनं विचारलं.

“म्हणून तर तिसरं,” सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक येतोय. मी कपाटात जाणार. जाईन, रडगाणं नाही. एकच मागणं आहे : माझ्याबरोबर खोक्यातलं ते पत्र कपाटात जाऊ दे, नियम मात्र टेबलावरच राहू देत.

धाकटी उठली. तिनं फडताळातून नवी डबी घेतली, खिडकी पूर्ण उघडली. सासूबाईंचा हात पदराकडे गेला. धाकटीनं डबी खिडकीबाहेर धरली.

“भाऊजी, ही डबी. शर्टाच्या आत धरून आणा, गारठू देऊ नका. मी नाही बघणार, इथे माझ्यासोबत काम करणारी जोडीदारीण बघेल. ताई, ती फाइल मिटा. यांचा कागद आल्याशिवाय तुम्ही वर जायचं नाही, डॉक्टरांना मी सांगते. आई, तुम्ही बसा. नातवासाठी सहा वर्षं थांबलात, आता थोडाच वेळ.”