होल्याचा कूलर

मनीषनगरात एप्रिल तापला तसे घरोघरी कूलर घरघरू लागले. गप्प होता तो फक्त देवरावांच्या खिडकीतला. त्याची मागची वाळ्याची ताटी फाटली होती आणि त्या भोकातून शिरून होल्याच्या जोडीनं आत संसार मांडला होता. होल्याचं घरटं ते कसलं, चार काड्या आणि त्यावर दोन अंडी.

"पिल्लं उडेपर्यंत थांबा ना, बाबा," उन्नती म्हणाली.

"अन् तोवर मी शिजू?"

खरं भांडण मात्र वेगळंच होतं. उन्नती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होती. जंगलाकाठच्या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. देवरावांना लेक बँकेत हवी होती.

"जंगलात फिराले डिग्री कायले लागते वं?"

"फिरायला नाही बाबा, तिथल्या लोकांशी बोलायला."

"आधी घरच्या लोकाईशी बोल!"

म्हणजे नोकरी मिळवायची आणि बापाचा होकारही. त्यातलं अवघड काय, हे उन्नतीला पक्कं ठाऊक होतं.

मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर झाली. सगळं छान चाललं होतं. मग पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "ज्याला तुमचं पटत नाही, त्याला कसं पटवाल?"

उन्नतीनं जनजागृती सांगितली, लोकसहभाग सांगितला.

"हे पुस्तकातलं झालं. तुम्ही स्वतः कुणाला पटवलंय?"

घरच्या एका माणसाला पटवता येत नव्हतं, तिथं उन्नती बाहेरचं काय सांगणार?

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून देवरावांचा आवाज आला, "बळीराम, थांब गा! हात नोको लावू, पोट्टे आहे त्याच्यात!"

"साहेब, ताट्या बदलाले तुमीच त बलावलं!"

"बलावलं होतं. पन काल डोये उघडले त्यायनं. माह्याकडंच पाहून राहिले न बाप्पा! आठ-दहा दिवसानं ये."

"अन् तोवर गर्मीत राहता?"

"ओला टॉवेल आहे ना! मरून राहिलो का मी?"

बाई हसू लागल्या. "हे कोण?"

"बाबा," उन्नती ओशाळून म्हणाली. "त्यांना माझं काम मुळीच पटत नाही."

"मग हे कसं पटवलंत?"

"मी नाही पटवलं, मॅडम. रोज सकाळी चहा घेऊन आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. मी फक्त दाखवायचे. बाकीचं पिल्लांनी केलं."

संध्याकाळी फोन आला. निवड झाली होती. देवराव डोक्यावर ओला टॉवेल घेऊन खिडकीशीच बसले होते.

"तिथं कूलर आहे का?" त्यांनी वळून न पाहता विचारलं.

"नाही बाबा."

"बरं आहे. नाही त तिथंही पाखरं बसवशीन अन् कोनाले तरी शिजवशीन."

"म्हणजे जाऊ?"

देवरावांनी टॉवेल पिळला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"जाय. पन हे उडाल्यावर. सगळे एकाच टाइमले गेले, त मी चहा घेऊन काय पाहू?"