आरशाच्या बाजूची जागा

माझा दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, दादा शेजारी, आणि दादाच्या पायाशी जादा ब्रेक. गाडी कुठे घासली तर चूक शिकणाऱ्याची, वाचली तर कर्तबगारी दादाची, असा हा धंदा. दिवसभर एकच मंत्र: "आरशात बघा, आरशात बघा!" वर्षानुवर्षं असा धंदा केला की माणसाचं काय होतं, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी आमच्या जगलिंगला यायला हवं होतं.

आम्ही चौघंच. दादा, वहिनी, मी आणि दातांचे डॉक्टर. संध्याकाळी नाचाच्या क्लासचा हॉल रिकामा असतो, तो आम्ही वापरतो. एका भिंतीला छतापर्यंत आरसे, त्यांच्यावर दोन भागांचा जाड निळा पडदा. प्रत्येकाकडे तीन क्लब. क्लब म्हणजे बारीक दांड्याची आणि फुगीर पोटाची प्लास्टिकची बाटली समजा. आम्ही बाटलीच म्हणतो. स्वतःच्या तीन बाटल्या हवेत फिरवत ठेवायच्या, ठरल्या ठोक्याला एक समोरच्याकडे फेकायची आणि त्याच वेळी त्याची आलेली झेलायची. बाटलीने वाटेत एक पुरती गिरकी घेऊन दांडा समोरच्याच्या डाव्या हातात द्यायचा. गिरकी अर्धवट राहिली की पोट पुढे येतं आणि मग बोटं, नाक, दात, जे सापडेल ते शेकतं. डॉक्टरांच्या मते त्यांच्या धंद्याला चॉकलेटपेक्षा हा खेळ जास्त उपकारक आहे.

दोघादोघांचे प्रकार जमू लागल्यावर दादाने चौघांची रचना काढली. एक जण मधोमध, बाकीचे तिघं त्याच्यासमोर अर्धगोलात. मधल्याने पाळीपाळीने तिघांना बाटल्या द्यायच्या आणि त्यांच्याकडून घ्यायच्या. आपली पाळी नसेल तेव्हा तिघांनी आपापल्या बाटल्या सांभाळत उभं राहायचं. डॉक्टर मधल्याला वाढपी म्हणत. वाढपी कोण, यावर चर्चा झालीच नाही. दादा हॉलमध्ये शिरला तोच मध्ये जाऊन उभा राहिला. वहिनी आरशाच्या बाजूला, मी समोर, डॉक्टर दाराच्या बाजूला. सुरुवातीची खूणही दादाचीच: त्याने हातातल्या बाटल्या वर उचलल्या की आम्ही उचलायच्या, त्याने खाली आणल्या की सुरू.

आणि एक नियम. बाटली ज्याच्या हातून निसटेल त्याने ती उचलायची आणि मोठ्याने म्हणायचं, "माझी." याने म्हणे माणसाला जबाबदारीची सवय लागते.

ही सवय आम्हा तिघांना भरपूर लागली. दादाच्या हातून निसटली की मात्र तो बाटलीकडे न बघता आमच्याकडे बघायचा. "ही काय फेकायची पद्धत झाली?" असं तो म्हणाला की ज्याने फेकली तो मुकाट्याने जाऊन उचलायचा. म्हणजे दादाच्या हातून पडली तर चूक फेकणाऱ्याची आणि आमच्या हातून पडली तर झेलणाऱ्याची. इतकं सोयीचं शास्त्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा "माझी" म्हणायची ती वहिनी. मला याचं नवल वाटायचं. वहिनी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत काम करते. चादरी, अभ्रे, पडदे, फाटलं ते शिवणं, धुऊन आलं ते लावणं. दोन टोकं धरून तिने झटका दिला की चादर टेबलावर सपाट पडते, एक सुरकुती नाही. त्या हातांतून बाटल्या का सुटाव्यात? दादाच्या फेकी ती कशाबशा पकडायची, हात उलटा वळवून, बाटली पोटाशीच धरून. बोटं कायम निळी. पण सराव म्हणून मी किंवा डॉक्टरांनी तिच्याकडे सरळ, सुरेख बाटली टाकली की ती हमखास खाली.

"बघा," दादा म्हणायचा, "सगळ्यांच्याच पाडते ही. म्हणजे घोळ कुठे आहे?"

वहिनी बाटली उचलायची. "माझी."

मग आम्हाला कार्यक्रम मिळाला, तो नेमका वहिनीच्याच हॉस्पिटलच्या वार्षिक समारंभात. वहिनी आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. कपड्यांच्या खोलीतल्या सगळ्या बायका पहिल्या रांगेत बसणार होत्या. तिने आम्हा चौघांसाठी जांभळी जाकिटं शिवली. दादाचं त्याच्या सांगण्यावरून जरा घट्ट, म्हणजे पोट कमी दिसेल.

कार्यक्रमाला महिना उरला आणि डॉक्टरांची भाची गावात आली. सर्कशीच्या शाळेत शिकलेली. दादाने तिला एकदा पाच बाटल्या फिरवताना पाहिलं आणि त्याच दिवशी जेवताना वहिनीला सांगितलं, "हे बघ, तू मनाला लावून घेऊ नकोस. कार्यक्रमाचा दर्जा सांभाळायला हवा. तू आपली व्यायाम म्हणून खेळत राहा."

वहिनीने त्याच्या ताटात पोळी वाढली. मीच तापले. "तिच्या हॉस्पिटलचा कार्यक्रम आहे, दादा!"

"म्हणूनच. तिच्याच लोकांसमोर तिचं हसं व्हायला नको."

इथवर तरी ठीक होतं. पण तो वर म्हणाला, "आणि ते तुझं जाकीट जरा भाचीच्या मापाचं करून दे." वहिनीने ते करूनही दिलं. मला तिचाही राग आला. त्याहून जास्त आला तो दादाचा, आणि तो मी अजून उतरवलेला नाही.

भाचीबरोबरच्या पहिल्या तालमीला माझा अंगठा सुजलेला होता म्हणून मी बाकावर बसले. खेळताना आपल्याला आपल्याच बाटल्या दिसतात. बाकावरून सगळं दिसतं. भाची आरशाच्या बाजूला, वहिनीच्या जागी उभी राहिली. दादाने नेहमीप्रमाणे पडदा सरकवून आरसे उघडले. "अंगाची ठेवण बघायला," असं तो म्हणायचा. बाटल्या वर, खाली, सुरू. डॉक्टरांकडे गेलेली बाटली सरळ. भाचीकडे गेलेली पोट पुढे करून आली आणि तिच्या नाकावर बसली.

"माझी म्हण," दादा म्हणाला.

"कशाला?" भाची नाक चोळत म्हणाली. "फेक वाईट होती. आमच्याकडे चूक फेकणाऱ्याची धरतात."

दादाने असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आता मी बाटलीकडे न बघता दादाकडे बघितलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. कोण कुठे बघतंय, हे ओळखायचा मला पगार मिळतो. डॉक्टरांकडे फेकताना दादा डॉक्टरांकडे बघत होता. भाचीकडे फेकताना तो तिच्या खांद्यावरून आरशात बघत होता. आरशात घट्ट जाकिटातला एक रुबाबदार गृहस्थ बाटली फेकत होता. दादा त्याला बघून मान किंचित तिरकी करायचा, आणि त्या मानेबरोबर मनगटही तिरकं व्हायचं.

इतके दिवस त्या जागेवर वहिनी उभी होती. नवरा तिच्याकडे बघायचाच नाही, आणि त्याच्या वेड्यावाकड्या बाटल्या झेलायला ती इतकी नेटाने शिकली होती की सरळ आलेली बाटली तिला ओळखूच येईना. मला एकदम रडू आलं. मग राग आला, तेव्हा बरं वाटलं.

मी ते वहिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना नको सांगूस. तू मला सरळ फेक."

आमच्या दुकानाच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. जेवणाच्या सुट्टीत ती यायची, डबा खाऊन आम्ही खेळायचो. तिचा डावा हात आपोआप उलटा व्हायचा आणि बाटली बोटांवर आपटून पडायची. भाचीही यायला लागली, सुजलं नाक घेऊन. "मावशी, बाटलीला आडवं जाऊ नका. हात नुसता धरून ठेवा. ती येते." कितीतरी दिवस काही जमलं नाही. मग एका दुपारी मी फेकलेल्या बाटलीचा दांडा थेट वहिनीच्या तळहातात जाऊन बसला. ती तशीच उभी राहिली.

"अगं," ती म्हणाली, "हे इतकं सोपं असतं?"

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाचीने हात वर केले. "एक तर पडदा लावा, नाहीतर मी त्या बाजूला उभी राहणार नाही. मला नाक एकच आहे." दादाला पडद्याचा आणि नाकाचा संबंध कळेना. बेशिस्त, म्हणाला. घरी येऊन त्याने जाकीट वहिनीपुढे टाकलं. "उसव आणि परत तुझ्या मापाचं कर. तुला एक संधी देतोय. काही नवीन करू नकोस. नेहमीसारखं झेल."

"नेहमीसारखं," वहिनी म्हणाली आणि कात्री घेतली.

मी दादाला सावध करू शकले असते. नाही केलं. सख्खी बहीण असूनही नाही केलं, आणि त्या रात्री मला छान झोप लागली.

हॉस्पिटलच्या सभागृहात आरसे नव्हते. पण दादाने आपल्या एका शिकाऊ विद्यार्थ्याला मोबाइल देऊन शूटिंगला उभं केलं होतं, आणि तो उभा होता नेमका वहिनीच्या मागे. पहिल्या रांगेत कपड्यांच्या खोलीतल्या बायका. बाटल्या वर, खाली, सुरू. माझ्याकडे आली, मी झेलली. डॉक्टरांकडे गेली, त्यांनी झेलली. मग दादाने मोबाइलकडे बघून मान तिरकी केली आणि वहिनीकडे फेकली.

वहिनीचा डावा हात जिथे असायला हवा तिथे होता. उघडा आणि स्थिर. तो वळला नाही. बाटली त्याच्या बाहेरून गेली, स्टेजवर आपटली आणि खुर्च्यांच्या दिशेने गडगडत निघाली.

आम्ही थांबलो. दादाने वाट बघितली. सभागृहही कशाची तरी वाट बघत होतं. वहिनी जागची हलली नाही.

"म्हण," दादा ओठ न हलवता म्हणाला.

"तुमची," वहिनी म्हणाली.

मोठ्याने नाही, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं. तिथे कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी रांग हसली. दादा माझ्याकडे बघू लागला, मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी छताचे दिवे तपासले. शेवटी वाढपी वाकला. घट्ट जाकिटाची पाठीवरची शिवण टर्रकन गेली, तेव्हा मागच्या रांगाही हसल्या.

परत जागेवर आल्यावर दादाने वहिनीकडे बघितलं. मोबाइलकडे नाही, प्रेक्षकांकडे नाही, तिच्याकडे. आता ही आणखी काय करेल, अशा धास्तीने का होईना, पण नजर हटवली नाही. पुढची बाटली सरळ गेली. त्यानंतरच्याही. शेवटपर्यंत वहिनीच्या हातून एकही पडली नाही, आणि त्या बायकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

ती मला नंतर म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं गं. हात वळलाच नाही." मी विश्वास ठेवला. थोडासा.

दादाचं म्हणाल तर तो दुसऱ्याच दिवसापासून सांगत सुटला, "फेकताना समोरच्या माणसाकडे बघायचं. ही माझी पद्धत आहे. बघा कसा फरक पडला." डॉक्टर हो हो म्हणाले. दात कोरताना ते कुणालाही हो म्हणतात, त्याच सुरात.

पुढच्या तालमीला दादा सवयीने आरशांकडे गेला आणि पडदा ओढू लागला. पडदा हलेना. जवळ जाऊन बघतो तर पडद्याचे दोन्ही भाग मधोमध वरपासून खालपर्यंत एकमेकांना शिवलेले. हॉस्पिटलच्या चादरींना घालतात तशी जाड दोऱ्याची दुहेरी शिवण.

"हे कुणाचं काम?" तो ओरडला.

"माझं," वहिनी म्हणाली. ती हॉलच्या मधोमध उभी होती. तिने बाटल्या वर उचलल्या, आणि आम्हीही उचलल्या.