तिसऱ्या खुर्चीची गादी

ही गोष्ट ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

चर्चमागच्या खोलीत फादर लोकांची मनातली दुखणी ऐकायचे. तिथे खुर्च्या तीन. एक त्यांची, एक येणाऱ्याची आणि तिसरी, जो येऊ शकत नाही त्याची. रुसलेली सून असो की वारलेला नवरा, पोटातलं सगळं त्या रिकाम्या खुर्चीला सांगायचं, ही फादरांची पद्धत. माणसं रडून हलकी व्हायची. खुर्ची मात्र जड होत गेली. जिवंत माणूस तिच्यावर कधी टेकला नाही, तरी गादीचा कापूस दबून दोनदा बदलावा लागला.

"एवढं वजनदार कोण बसतं, फादर?" गादीवाल्याने विचारलं. फादरांनी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

एका दुपारी शिंपी आला. अकरा वर्षांपूर्वी त्याने थोरल्या भावाच्या लग्नाचा कोट शिवला, तेव्हा डावी बाही बोटभर आखूड झाली. चूक कबूल करायची सोडून हा पठ्ठ्या म्हणाला, "दादा, तुझाच हात लांब आहे." तेव्हापासून अबोला. गेल्या महिन्यात दादा वारला आणि शिंप्याने कापलेली प्रत्येक डावी बाही बोटभर आखूड व्हायला लागली. तीन-तीनदा मापूनसुद्धा. गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जाऊ लागली.

"दादाशी बोल," फादरांनी खुर्चीकडे हात केला. "माफी माग."

शिंप्याने तिकडे पाहिलंच नाही. "ते राहू द्या. शेवटी त्याच्यापाशी तुम्हीच होतात. माझ्याबद्दल काही बोलला का हो?"

फादरांना ती सकाळ आठवली. दादा एवढंच म्हणाला होता, "खिडकी लावा, वारा लागतोय." पण समोर शिंपी खुर्चीच्या कडेला सरकून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. कधी खोटं न बोललेल्या माणसाची जीभ घसरली.

"बोलला ना. म्हणाला, धाकट्याला सांगा, माझा राग केव्हाच निवळला."

शिंप्याने सुस्कारा सोडला. खोलीत गार वारा आला. फादरांनी खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. तिसऱ्या खुर्चीची गादी सावकाश खाली दबली आणि कुणीतरी खाकरलं.

"थापा मारू नका, फादर. राग निवळला असता, तर मी इथे येऊन बसलो असतो का?"