बादलीला कसलं इंजेक्शन?

ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं, की त्याचं आणि फुप्फुसांचं काम एक यंत्र करतं. आमच्या इस्पितळात ते चालवणाऱ्याला पंपकाका म्हणत. काका निवृत्तीला आले, तेव्हा नवा तज्ज्ञ आणण्यापेक्षा घरच्याच दोन नर्सना शिकवून घ्यावं, असं व्यवस्थापनाला सुचलं. व्यवस्थापनाला जे सुचतं ते स्वस्तच असतं.

यंत्र दोघींना लवकर आलं. "नाही" म्हणणं येईना.

"सर्जन म्हणाले, पंप सुरू. आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलेलंच नसलं तर?" काका विचारत.

"हो सर," धाकटी बोलून जाई.

"अगं पोरी, नळ्यांत रक्त विरजेल आणि माणूस जाईल. नाही म्हण."

नर्सिंग कॉलेजात घोटून घेतलेलं "हो सर" काकांच्याने पुसलं जाईना. थोरलीला मात्र नकार जमला. तिला तो सासरीही जमला होता, म्हणून ती माहेरी राहत होती.

परीक्षा सर्जननी घेतली. पेशंट म्हणून बादलीभर लाल पाणी.

"पंप सुरू."

"नाही सर," थोरली म्हणाली. "इंजेक्शन दिलेलं नाही."

"बादलीला कसलं इंजेक्शन?"

"पेशंट समजा, असं तुम्हीच म्हणालात."

उद्धटपणापायी थोरलीची वॉर्डात परत रवानगी झाली. धाकटीनं "हो सर" म्हणून पाणी गरगर फिरवलं आणि पास झाली.

"बादली दगावली," काका तिला म्हणाले. "अभिनंदन."

धाकटीचा पहिला खरा पेशंट एक शिंपी होता. त्याची छाती उघडी, आणि सर्जन भूलवाल्या मॅडमना नव्या बंगल्यातली फरशी समजावून सांगत होते. त्या नादात इंजेक्शन सांगायचं ते विसरले, द्यायचं त्या विसरल्या.

"पंप सुरू."

"हो सर," धाकटी म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मग मॅडमकडे बघून, तशाच पडलेल्या भरल्या सिरिंजकडे तिनं बोट केलं. मॅडमचे डोळे मास्कवर मावेनात. त्या मुकाट्यानं इंजेक्शन देऊ लागल्या.

"अगं, सुरू कर ना."

"हो सर."

"ऐकू येत नाही का?"

"हो सर."

"मशीन बिघडलंय का?"

"हो सर."

कोपऱ्यात काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इंजेक्शन भिनलं, रक्त तपासून झालं, आकडा नीट आला. तेव्हा आणखी एक "हो सर" म्हणून तिनं पंप सुरू केला.

शिंपी जगला. त्याला यातलं काही ठाऊक नाही, सर्जननाही नाही. त्यांनी व्यवस्थापनाला कळवलं, की मुलगी गुणी आहे, तोंडातून कधी नकार निघत नाही, पण यंत्र मंद आहे. थोरली अजून वॉर्डातच आहे.

कंपनीचा माणूस आला, यंत्र उघडून बसला. दोष काही सापडला नाही. निघताना त्यानं धाकटीला विचारलं, "सुरू व्हायला कधीकधी वेळ घेतं म्हणे?"

"हो सर."